सव्वादोन वर्षांच्या लेकीचे कुरळे केस, न रडवता कसे सांभाळायचे? (नागपूर)

जास्वंद
नमस्कार. पहिल्यांदाच धागा काढते आहे, लांबला तर समजून घ्या.

माझी लेक सव्वादोन वर्षांची. घरात तिला चिऊ म्हणतो. पहिल्या वाढदिवसाआधी रामटेकला जावळ काढलं तेव्हा केस जेमतेम लाटेसारखे होते. नंतर आले ते गोल गोल वेटोळ्यांचे, बोटाला गुंडाळले तर तसेच राहतील असे. माझे केस सरळ, नवऱ्याचे सरळ. बर्डीवर खरेदीला गेलं की अनोळखी बायका थांबून तिच्या डोक्यावरून हात फिरवतात, इतके गोड दिसतात. पण ते सांभाळायचे कसे, हे आमच्या घरात कोणालाच ठाऊक नाही. संक्रांतीनंतर बोरन्हाण केलं तर हलव्याचे दाणे केसांत असे रुतले की दुसऱ्या दिवसापर्यंत निघत होते.

रविवारी न्हाऊ घालते, टॉवेलने खसाखसा पुसते, केस वाळले की कंगवा घेते. तिथून रडारड सुरू. मानेच्या वर, जिथे उशीवर डोकं घासतं, तिथे दर आठवड्याला सुपारीएवढी जट होते. मागच्या रविवारी ती सोडवताना चिऊ इतकी रडली की उलटी झाली. आता गुलाबी कंगवा दिसला की दिवाणाखाली जाऊन बसते. काल मी नुसतं कपाट उघडायला उठले, तर तिने दोन्ही हात डोक्यावर घट्ट धरले. ते पाहून मला रात्रभर झोप नाही.

सासूबाई म्हणतात पुन्हा एकदा जावळ काढून टाक, केस दाट आणि सरळ येतील. त्यांनाही तिचं रडणं पाहवत नाही, म्हणूनच म्हणतात. पण मला ते केस काढायचे नाहीत. शिवाय तान्हा पोळा महिन्यावर आला. आमच्या ले-आउटमध्ये सगळी लेकरं नटून, लाकडी बैल घेऊन रांगेत उभी राहतात. यंदा ती पहिल्यांदा स्वतः चालत बैल ओढणार. त्या दिवशी तिचे केस मोकळे, छान दिसावेत आणि त्यासाठी तिला रडावं लागू नये, एवढंच हवं आहे.

विंचरायचं कधी आणि कशाने? शॅम्पू किती वेळा? तेल रोज का? जावळाने केस सरळ होतात का? आणि मानेवाड्याकडे आमच्याकडे पाणी बोरचं आहे, त्याने काही फरक पडतो का?

वाचक_धरमपेठ
माझ्याकडे दीड वर्षाचा आहे, अगदी हेच. वाचते आहे.

कुरळी_मावशी
जास्वंद, सगळ्यात आधी तो गुलाबी कंगवा घरातून काढून टाका. तिच्या मनात तो कंगवा आणि दुखणं एक झालं आहे. नवा आणा, दुसऱ्या रंगाचा, जाड आणि लांब लांब दातांचा. आणल्यावर दोन दिवस तिला नुसता खेळायला द्या.

माझे स्वतःचे केस चिऊसारखे. इतवारीत वाढले. घरात चार बहिणी, तिघी सरळ केसांच्या आणि एक मी. शाळेच्या आधी आई आम्हाला ओळीने बसवायची आणि एकाच बारीक फणीने चौघींना विंचरायची, मुळापासून खाली. माझी पाळी आली की फणी अडकायची, आईला घाई असायची, आणि मी हट्टी म्हणून रडते असंच सगळ्यांना वाटायचं. आज चाळिशी उलटली, तरी मागून कोणी डोक्याला हात लावला की मान आखडते. म्हणून चिऊने हात डोक्यावर धरले हे वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले.

आता असं बघा. डोक्याच्या कातडीतून जे तेल सुटतं, ते सरळ केसावरून सहज टोकापर्यंत उतरतं. कुरळ्या केसात ते वळणावळणावर अडतं. म्हणून मुळाशी तेलकट आणि टोकं कोरडी. कोरडे केस एकमेकांत गुंततात. त्यात वाळलेल्या केसांत कंगवा घातला की एकतर तुटतात, नाहीतर वेटोळी मोडून सगळं डोकं पिंजल्यासारखं होतं. कुरळे केस वाळल्यावर विंचरायचेच नाहीत. ओले असताना, कंडिशनर लावलेलं असताना सोडवायचे.

मी माझ्या भाचीचं करते ते सांगते. न्हाण्याआधी कोरड्या केसांवरून बोटं फिरवून मोठी जट कुठे आहे ते पाहून घ्यायचं. तिथे थोडं खोबरेल. मग कोमट पाणी, आणि लहान मुलांचा सौम्य शॅम्पू रुपयाच्या नाण्याएवढा. त्याचा फेस आपल्या हातात करायचा आणि फक्त डोक्याच्या कातडीला बोटांच्या पेरांनी लावायचा. केसांची लांबी चोळायचीच नाही, वरून उतरणाऱ्या फेसाने ती धुऊन निघते. सगळे केस डोक्यावर गोळा करून चोळायची आपल्याला सवय असते, अर्धा गुंता तिथेच होतो.

मग कंडिशनर, आणि हे मात्र सढळ हाताने, पण कातडी सोडून, केसांच्या मध्यापासून टोकापर्यंत. केस गुळगुळीत लागायला हवेत. आता डोक्याचे चार भाग करा, तीन क्लिपांनी बाजूला ठेवा, चौथा हातात. पहिल्यांदा बोटं. मग कंगवा, आणि तो टोकाकडून. शेवटचं बोटभर मोकळं झालं की त्याच्या वरचं बोटभर, असं करत मुळाकडे. हे सगळं होईपर्यंत दुसऱ्या हाताने ती बट मुळाजवळ चिमटीत घट्ट धरून ठेवायची, म्हणजे ओढ बसली तरी ती तुमच्या चिमटीला बसते, तिच्या डोक्याला नाही. सगळ्या सांगण्यातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही चिमूट लक्षात ठेवा.

धुऊन झालं की टॉवेल नको. जुनं मऊ सुती कापड घ्या, घरात आजेसासूबाईंचं लुगडं असेल तर त्याच्याइतकं चांगलं काही नाही. घासायचं नाही. खालून ओंजळीत केस घेऊन कापडात दाबायचे, सोडायचे. पाण्याने केसातले काही बंध सुटतात आणि वाळताना ते पुन्हा बसतात, त्यामुळे ओले असताना जसा आकार द्याल तसा वाळल्यावर टिकतो. पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नका, येणाऱ्या-जाणाऱ्यालाही लावू देऊ नका.

रात्रीसाठी जुन्या रेशमी साडीचा अभ्रा शिवा. सुती अभ्र्यावर केस घासले जातात, मानेवरची जट तिथून येते. डोक्याला रुमाल किंवा टोपी बांधून मात्र झोपवू नका, झोपेत सरकून गळ्याशी येते. सकाळी नुसता पाण्याचा फवारा मारा आणि बोटांनी वेटोळी पुन्हा बसवा. रोज कंगवा लागत नाही.

जावळाचं म्हणाल तर, केस सरळ की कुरळा हे कातडीच्या आत त्याचं मूळ कसं आहे त्यावर ठरतं. वस्तरा कातडीच्या वर चालतो. जन्मजात केसाचं टोक निमुळतं असतं, कापल्यावर ते बोथट होतं, म्हणून नवा केस हाताला जाड लागतो. सासूबाईंना आणि आपल्या सगळ्या आज्यांना जे वाटलं ते हातांना खरंच लागलेलं आहे, फक्त त्याचं कारण वेगळं. आणि आई-बाबांचे केस सरळ असूनही लेकीचे कुरळे येऊ शकतात. घरातले जुने फोटो काढून बघा.

जास्वंद
मावशी, दोनदा वाचलं, नवऱ्यालाही वाचून दाखवलं. चिमटीचं कोणीच कधी सांगितलं नव्हतं. तेलाचं तेवढं सांगाल का? आमच्याकडे रोज रात्री कापूर घातलेलं खोबरेल लावतो.

पहाटवारा
कापूर आजच बंद करा. मी लहान मुलांच्या वॉर्डमध्ये नर्स आहे. कापूर लेकराच्या पोटात गेला तर थोड्यानेही झटके येऊ शकतात, आणि या वयाची मुलं डोक्याचा हात तोंडात घालतातच. त्या तेलाची बाटली हाताशी राहू देऊ नका. साधं खोबरेल पुरे. मोहरीचं तेल लहान मुलांच्या कातडीला झोंबतं, तेही नको.

खोबरेल केसाच्या आत शिरतं, बाकीची बरीच तेलं वरवर राहतात. २००३ मध्ये मुंबईत एका केशतेल कंपनीच्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचं आणि खनिज तेल तपासलं होतं, त्यात धुताना केसातली प्रथिनं कमी जाऊ देणारं खोबरेलच निघालं. अभ्यास तेल विकणाऱ्यांचाच, हे ध्यानात ठेवून वाचायचं, पण आपल्या अनुभवाशी जुळतो. म्हणजे तेल लावायचं ते न्हाण्याआधी तासभर, केसांच्या लांबीला. रोज रात्री कातडीवर थापायची गरज नाही. नागपूरच्या एप्रिल-मे मध्ये तर नकोच. पारा ४५ च्या पुढे, लेकराला घाम, वर तेलाचा थर, आणि मग कपाळावर, मानेवर घामोळं.

महालची_आजी
मी सत्तरीची आहे. नातीने हे वाचून दाखवलं म्हणून तिच्याकडूनच लिहून घेऊन राहिली. आम्ही पाच लेकरं वाढवली, रोज टाळू भरली, रोज तेल लावलं. एकाचेही केस गेले नाहीत. आताच्या पोरी तेलाला इतक्या काहून भितात? डोकं थंड राहते तेलाने.

पहाटवारा
आजी, तुमचं मी खोटं म्हणत नाही. माझ्या आईनेही माझी टाळू भरली. तेव्हा टाळू उघडी असायची, लेकरू चार-पाच महिन्यांचं, आणि तेल लावणारा हात इतका हलका की लेकरू त्या स्पर्शानेच निजायचं. तो हात हवाच आहे. चिऊची टाळू आता भरून आली असणार, बहुतेक मुलांची दीड वर्षाच्या आसपास भरते. तेल थोडं, धुण्याआधी, आणि उन्हाळ्यात धुऊन टाकायचं, एवढंच माझं म्हणणं.

सगळ्यांसाठी एक: डोक्यावर गोल चट्टा पडून तिथले केस तुटलेले दिसले, खपल्या आल्या, पू दिसला, तर तेल-मलम करत बसू नका. तो खवडा असू शकतो, आणि त्याला बऱ्याचदा पोटातून औषध घ्यावं लागतं. डॉक्टरांना दाखवा.

महालची_आजी
हलका हात म्हणाली ते पटलं. पण थंडीत मी लावणारच. डिसेंबरात तेल गोठते तेव्हा वाटी गरम पाण्यात ठेवायची, हातावर कोमट लागलं की लावायचं.

दोन_पोरांचा_बाप
पाण्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. मोठ्याचे केस कुरळे, साडेतीन वर्षांचा. आम्ही हिंगणा रोडकडे बोरच्या पाण्यावर होतो. काहीही लावा, केस चरचरीत. नळाला पांढरा थर, बादलीला पांढरा थर, केसांचं वेगळं काय होणार? जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात, साबणाशी मिळून त्यांचा चिकट साका होतो आणि तो केसावर बसतो. नंतर महापालिकेचं नळाचं पाणी मिळालं, पेंच-कन्हानचं. दोन-तीन न्हाणी झाली आणि केस हाताला मऊ लागायला लागले. तुमच्याकडे नळ नसेल तर सगळं न्हाणं बोरच्या पाण्याने करा, शेवटचे दोन तांबे पिण्याच्या फिल्टरचे कोमट करून घाला. साबणाची वडी डोक्याला लावत असाल तर बंद करा.

अजून एक मनातलं. मुलाचे केस कुरळे आणि थोडे लांब आहेत म्हणून त्याला सगळे ‘मुलगी का?’ विचारतात. त्याच्यासमोर ‘काय झाडी झाली डोक्यावर’ म्हणतात. आता त्याला कळतं. एकदा आरशासमोर उभा राहून तो हाताने केस खाली दाबत होता. त्या दिवसापासून घरात नियम केला, त्याच्या केसांबद्दल वाईट बोलायचं नाही, पाहुण्यांनीही नाही. मी स्पष्ट सांगतो. लोकांना राग येतो, येऊ द्या.

वाचक_धरमपेठ
दादा, हे फार महत्त्वाचं लिहिलंत.

जवसाची_चटणी
बाजारातल्या जेलची गरजच नाही. आपल्या विदर्भात जवस पिकतो, नागपूरच्या कृषी महाविद्यालयात त्याच्या वाणांवर कितीतरी वर्षं काम चाललं आहे, आणि आपण फक्त चटणी करतो. पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी, मंद आचेवर सात-आठ मिनिटं ढवळत राहायचं. अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी तार यायला लागली की लगेच गॅस बंद, आणि गरम असतानाच पातळ मलमलमधून गाळायचं. थांबलात तर गाळताच येत नाही, कापडात दगड होऊन बसते. गार झालं की बाटलीत भरून फ्रिजमध्ये. आठवडाभर चालते, वास बदलला की फेकून द्यायचं, त्यात टिकवण्याचं काही घातलेलं नसते. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस वाट बघा, मगच डोक्याला. ओल्या केसांवर चमचाभर, ओंजळीत घेऊन खालून वर दाबत. पावसाळ्यात हवा दमट झाली की केस फुलतात, तेव्हा याने फार बरं पडते.

कात्री_आणि_आरसा
माझं छोटं पार्लर आहे, वीस वर्षं झाली. तान्ह्या पोळ्याला दरवर्षी छोट्या मुली येतात, त्यावरून सांगते.

घट्ट बांधू नका. कानशिलाची कातडी ताणली, भुवया वर गेल्यासारख्या दिसल्या, बांधल्या जागी बारीक पुरळ आलं, तर लगेच सोडा. रोज रोज ताण बसला की कपाळाजवळचे केस विरळ होतात आणि पुढे येतच नाहीत. चिऊच्या वयाला वरचे थोडे केस घेऊन कापडी रबराने सैल गुच्छ, बाकीचे मोकळे, एवढंच छान दिसतं. मोकळे कुरळे केस हाच तिचा शृंगार आहे.

तीन वर्षांच्या आतल्या मुलांना मणी, बारीक रबर, टिकलीएवढ्या क्लिपा नकोत, काढून तोंडात घालतात. जत्रेत, रस्त्यावर लुकलुकणाऱ्या दिव्याच्या क्लिपा मिळतात, त्या तर अजिबात घेऊ नका. त्यात बटणासारखा सेल असतो. तो गिळला तर अन्ननलिका दोन तासांत आतून भाजायला लागते. गिळल्याची नुसती शंका आली तरी थेट दवाखान्यात न्या.

टोकं कापायची असतील तर वाळल्यावर कापा. ओला कुरळा केस लांब दिसतो, वाळून वर जातो, आणि मग फार कापलं म्हणून आया रडतात. आणि केस सरळ करण्याची औषधं लेकराच्या डोक्यावर कोणी कितीही सांगितलं तरी नको. काहींतून फॉर्मॅल्डिहाइडचा वायू सुटतो. माझ्याकडे चार वर्षांच्या मुलीसाठी विचारायला आले होते, मी परत पाठवलं.

जास्वंद
तीन आठवडे झाले, सांगायला आले.

पहिल्या न्हाण्याला ती रडलीच, कंगवा दिसायच्या आधी. मग मी कंगवा ठेवून दिला आणि नुसत्या बोटांनी अर्धाच भाग सोडवला, अर्धा तसाच राहू दिला. दुसऱ्या वेळी सासूबाई बाथरूमच्या दाराशी पाटावर बसल्या आणि भुलाबाईची गाणी म्हणायला लागल्या. एक गाणं, एक भाग. गाणं संपलं की हात थांबवायचा, मग तो भाग पूर्ण झाला असो वा नसो. चिऊला ते कळलं. आता ती स्वतः ‘अजून गाणं’ म्हणते आणि मान पुढे करते.

जट कापावी लागली नाही. खोबरेल आणि कंडिशनर लावून तीन न्हाण्यांत मिळून सुटली. लुगडं सासूबाईंनीच पेटीतून काढलं, त्यांच्या सासूबाईंचं. जावळाचा विषय त्यांनी परत काढला नाही, मीही नाही. फिल्टरच्या पाण्याचा फरक दिसतो. रेशमी अभ्रा मात्र जमला नाही, तिची उशी रात्रभर घरंगळत असते, म्हणून गादीच्या डोक्याकडच्या भागावरच साडीचा तुकडा टाचला. जवसाचं जेल पहिल्यांदा फार शिजलं आणि गाळताच आलं नाही, दुसऱ्यांदा झालं.

एक अडचण आहे. ती जिथे दोन तास खेळायला जाते तिथल्या ताईंनी कळवलं, केस घट्ट बांधून पाठवा, खेळताना डोळ्यांवर येतात. त्यांचंही बरोबर आहे. काय करू?

कुरळी_मावशी
तीन न्हाण्यांत जट सुटली म्हणजे तुम्ही घाई केली नाहीत. आनंद झाला.

ताईंना बोलून सांगण्यापेक्षा चिठ्ठी द्या: केस सैल दोन भागांत बांधून पाठवते आहे, पुढे कापडी पट्टा लावते आहे, सुटले तर तसेच राहू द्या, कंगवा घालू नका. दप्तरात एक जास्तीचं कापडी रबर ठेवा.

कात्री_आणि_आरसा
पट्टा जुन्या बनियनच्या कापडाचा करा, दोन बोटं आत सहज जातील इतका सैल. विकतचे इलॅस्टिकचे पट्टे कानामागे वळ पाडतात. घरी आली की काढायचा.

जास्वंद
काल तान्हा पोळा झाला.

सकाळी मारबतीच्या मिरवणुकीची गर्दी होती म्हणून बाहेर पडलोच नाही. दुपारी न्हाणं, दोन गाणी, चमचाभर जेल. खिडकीशी बसून केस वाळवले, पंखा हळू ठेवून. वर सैल गुच्छ आणि सासूबाईंनी शिवलेला लाल कापडी बो. संध्याकाळी ती निळ्या परकरात बैल ओढत रांगेत गेली. कुरळे केस प्रत्येक पावलाला हलत होते. बोजाऱ्याला, म्हणजे बैल नेणाऱ्या लेकरांना देतात त्या खाऊत, चॉकलेटं मिळाली, बक्षीस दुसऱ्या मुलाला मिळालं, त्याचा बैल खरंच सुंदर सजवला होता.

रात्री आम्ही जेवत होतो तेव्हा ती कोपऱ्यात बैल घेऊन बसली होती. बैलाला सुतळीची शेपटी आहे. फवाऱ्याच्या बाटलीने ती ओली केली, वरून एका हाताने चिमटीत धरली आणि टोकापासून बोटांनी सोडवत होती. गाणंही चाललं होतं, शब्द तिचेच. सासूबाईंनी मला खुणेनेच गप्प बसायला सांगितलं.

महालची_आजी
लेकीची दृष्ट काढा आज.

वाचक_धरमपेठ
फार बरं वाटलं वाचून. आमच्याकडे कंडिशनरपर्यंत जमलं, पण डोक्यावर पाणी घेतलं की तो किंचाळतो. कोणी सांगेल?

दोन_पोरांचा_बाप
आमच्याकडेही तेच होतं. कोरडा नॅपकिन घडी करून त्याच्याच हातात द्या, डोळ्यांवर त्यालाच धरू द्या. छताला काहीतरी चिकटवा, आम्ही कागदाचा पोपट लावला होता, म्हणजे मान आपोआप वर होते आणि पाणी मागे उतरतं. तांब्या कपाळाला टेकवून हळू ओता, उंचावरून नाही. आणि ओतायच्या आधी दरवेळी सांगा, ‘आता पाणी’.